आकारामची गावं

नागपंचमी उद्यावर आली तरी राहीबाईला माहेरी न्यायला आष्ट्याहून मुराळी आला नाही. आला तो बांगड्यांचा कासार. मेढ्याच्या वाटेवर त्यानं आधी चार गावं केली होती, म्हणून पोचायला दुपार झाली. तांब्याभर पाणी पिऊन त्यानं राहीबाईला तिच्या भावाचा निरोप दिला. देताना तिच्याकडं बघितलं मात्र नाही.

"भाऊसो म्हनले, यंदापास्नं मुराळी येनार न्हाई. म्हातारा व्हता तवर ठीक व्हतं. आता सासरलाच आपलं गाव म्हना."

राहीबाईनं बांगड्या भरल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात बाप गेला, तो दरसाल सर्व्हिस मोटारीनं साताऱ्यापर्यंत आणि पुढं पायी लेकीला न्यायला यायचा. नवरा लालासाहेब पलटणीबरोबर तिकडं मिसरात, लढाईवर. पंचमीचे चार दिवस आष्ट्यात झोके घ्यायचे, मैत्रिणींबरोबर फेर धरायचा, एवढ्यावर ती वर्ष काढायची. बाप गेल्याचं दुःख तिनं कसंबसं गिळलं होतं. आता गावही गेलं.

"भावाला काम निघालं आसंल, पोरी," सासू अंबूबाई म्हणाली.

"काम न्हाई, आत्याबाई. दार लावून घेतलं त्यानं."

पंचमीला दळायचं नसतं. उद्याचं पीठ आजच व्हायला हवं होतं. ती जात्यावर बसली, पण ओवी काही ओठावर येईना.

म्हैस बांधून आकाराम आला आणि रोजच्यासारखा जात्याच्या पलीकडं बसून त्यानं खुंटा धरला. आकाराम म्हणजे तिचा धाकटा दीर. तीस वर्षांचा धडधाकट गडी, पण चारचौघांत बसायचा नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. ताटात भाजी भाकरीला लागली तर उठून जायचा. बोलायचं म्हणून बोलणं त्याला ठाऊक नव्हतं, मग खोटं बोलणं तर लांबच. गाव त्याला अर्धवट म्हणायचं. गावाचं काय, त्याला अक्कल मोजायचं एकच माप माहीत.

पण हुमाण घातलं की आकाराम खुलायचा. कोड्याचे शब्द कानावर पडले की डोळे मिटून मागं-पुढं झुलायचा, मांडीवर बोटं नाचवायचा, आणि उत्तर सापडलं की असा हसायचा की बघणाऱ्यालाही हसू यावं. त्या भागातली रीतच होती: ज्याला हुमाण सुटलं नाही त्यानं हरलो म्हणायचं आणि जिंकणाऱ्याला एक गाव द्यायचं. नुसतं तोंडानं. लोक देऊन विसरून जात. आकाराम विसरत नसे. शेजाऱ्यानं दिलेला मेढा त्याचा होता, एका पाहुण्यानं दिलेली आटपाडी त्याची होती. रजेवर आलेल्या एका शिपायानं तर त्याला समुद्रापलीकडचं बसरा देऊन टाकलं होतं. "आकाराम, आमचा मेढा तरी सोड की रं," असं कुणी चेष्टेनं म्हटलं तर तो गंभीरपणे सांगायचा, "हरव मला. मग देतो."

त्याला आजवर कुणीच हरवलं नव्हतं.

राहीबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा तीही हरली होती, आणि पहिल्यांदा तोंडात आलं ते गाव देऊन बसली होती. आष्टा. पुढं कितीदा तरी तिनं हसत मागितलं, "भावजी, माजं म्हायार तरी परत द्या." उत्तर ठरलेलं. हरव मला.

"वैनी, हुमाण घाल," आकाराम म्हणाला.

"आज न्हाई, भावजी."

"घाल."

तो पिच्छा सोडेना, तेव्हा तिनं सगळ्यात झिजलेलं हुमाण घातलं. गावातलं शेंबडं पोरही ते झोपेत सोडवील.

"दगडाचं प्वाट, वरनं खातंय, आन् चारी अंगांनी सांडतंय. वळखा."

आकारामनं डोळे मिटले नाहीत. तो झुलला नाही, बोटं नाचवली नाहीत. खुंट्यावरच्या आपल्याच हाताकडं बघत राहिला. जात्याभोवती पिठाचं पांढरं कडं साचत होतं.

"न्हाई येत."

"आवं, येत कसं न्हाई? तुमच्याच हातात हाय की."

"न्हाई येत," तो पुन्हा म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "हरलो."

अंबूबाई चुलीपुढून उठून दारात आली. पोराला ताप तर नाही ना म्हणून तिनं त्याच्या कपाळाकडं हात नेला. कुणी शिवलेलं त्याला खपत नसे, हे त्या घाईत तीही विसरली. तो बाजूला सरला.

"आष्टा घे, वैनी," तो म्हणाला.

राहीबाईचा हात खुंट्यावरच थांबला. जन्मात न हरलेला माणूस तिच्यासाठी हरला होता, आणि त्यासाठी खोटंही बोलला होता. बापाच्या माघारी तिला कुणी एवढं दिलं नव्हतं. तिनं पिठाच्या हातांनीच पदर पसरला, देवापुढं पसरतात तसा, आणि गाव पदरात घेतलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही.

"घेतलं, भावजी. लय उपकार झालं तुमचं," ती म्हणाली. मग हसायचा प्रयत्न करत तिनं विचारलं, "पर भाऊसो काय म्हनंल?"

आकारामला हे कोडं काही कळलं नाही. त्यानं जात्यात मूठभर धान्य टाकलं आणि खुंटा फिरवायला घेतला.

"त्येचं कवा व्हतं ते?"