कर्ज फिटेपर्यंत

"एवढेच?" बायकोने विचारलं.

"एवढेच. मालकाने जिन्याच्या रंगाचे पैसे कापले," रंगारी म्हणाला आणि हात धुवायला वळला.

जिन्याचे कोणी कापले नव्हते. ते गॅलरीत, प्रायमरच्या रिकाम्या डब्यात होते.

बायकोने टेबलावर नेहमीच्या वाटण्या केल्या. भाडं, किराणा, वीज, आणि हाताला काम नसेल त्या महिन्यासाठी थोडे बाजूला. रंगाऱ्याचं घर म्हणजे कधी तुपाशी, कधी उपाशी. पण कारभार तिच्या हाती आल्यापासून उपाशी कोणी झोपलं नव्हतं. शेवटची वाटणी हप्त्याची. त्यात तिने स्वतःच्या शिवणाचे पैसे घातले आणि सगळं पर्समध्ये टाकलं.

"अजून किती राहिलंय?" त्याने विचारलं.

"थोडंच."

हे "थोडंच" ती बरेच महिने म्हणत होती. खोलात शिरून विचारायला त्याला तोंडच नव्हतं.

लोक कर्ज फिटावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात. हा बहाद्दर ते फिटू नये म्हणून झुरत होता. कारण साधं होतं. तीन वर्षांपूर्वी तो बायकोला न विचारता एका मित्राला जामीन राहिला. मित्र पसार झाला. ते निस्तरायला याने लाकडाच्या वखारीवाल्या काकांकडून कर्ज काढलं, तेही चोरून. कळलं तेव्हा ती ओरडली नाही की रडली नाही.

"फिटेपर्यंत आहे मी," ती म्हणाली. "फिटलं की भावाकडे जाईन."

बाई शब्दाची पक्की. तेव्हापासून हप्ताही तीच नेऊन द्यायची. त्याने तर वखारीचा रस्ताच टाकला होता. काकांसमोर उभं राहायची लाज वाटायची. पण खरी भीती लाजेची नव्हती. बायको गेली तर या घरात आपण काय करणार, हे त्याला कळत नव्हतं.

म्हणून तो हात आखडून कमवायला लागला. दोन कामं पाठदुखीचं कारण सांगून सोडली. डब्यातले पैसे वाढत गेले आणि झोप उडत गेली.

त्यातच एक तारखेला हप्ता देऊन येताना ती काहीबाही आणू लागली. कधी खिडकीला पडदे, कधी त्याच्यासाठी जाड तळाचे बूट. "सेलमध्ये मिळाले," म्हणायची. गेल्या महिन्यात तर तिने गळका नळ बदलून घेतला, दाराला नवी कडी बसवली. जाणारी माणसं घर मार्गी लावून जातात, असं त्याला वाटलं.

आणि नको तेव्हा नशीब फळफळलं. शाळेची अख्खी इमारत रंगवायचं काम आलं. कंत्राटदार आगाऊ रक्कम घेऊन थेट घरी आला आणि तो आंघोळीला गेलेला असताना तिच्या हातात देऊन गेला.

तो बाहेर आला तेव्हा ती नोटा दुसऱ्यांदा मोजत होती.

"म्हणजे संपलंच म्हणायचं आता," ती म्हणाली. "उद्या एक तारीख आहे. देऊन येते."

"एवढी काय घाई?"

"मला कसली घाई? तुम्हालाच असेल."

दोघांनीही ताटात अर्धं जेवण तसंच टाकलं.

सकाळी ती पर्स शोधत होती तेवढ्यात तो दूध आणायच्या निमित्ताने सटकला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा वखारीच्या रस्त्याला लागला. काका दारातच भुसा झाडत होते.

"काका, आणखी थोडं कर्ज द्या," तो धापा टाकत म्हणाला. "व्याज हवं तेवढं लावा. पण आत्ता द्या, ती हप्ता घेऊन यायच्या आत."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कसला हप्ता?"

"मागच्या कर्जाचा."

"अरे, ते फिटून वर्ष होत आलं की," काका म्हणाले. "तुझी बायको एक तारखेला येते, हे खरं. त्या बाकावर बसते, पाणी पिते आणि निघताना दर वेळी हात जोडते. म्हणते, काका, एवढ्यात त्यांना कळू देऊ नका."