दोन सरांचा अष्टपैलू

या, जरा पुढे सरका. मागे बसणाऱ्यांना गोष्ट अर्धीच ऐकू येते आणि उरलेली ते घरी जाऊन आपल्या मनाने रचतात. आजची गोष्ट एका अष्टपैलू खेळाडूची. गोष्ट सुरू होते तेव्हा तो ड्रेसिंग रूमच्या बोळात उभा आहे. पायांत पॅड आणि ओठांवर निरोप.

निरोप बोलिंगवाल्या सरांचा. पोचवायचा बोळाच्या दुसऱ्या टोकाला, बॅटिंगवाल्या सरांच्या खोलीत. पाचच शब्द: "त्या दिवशी चूक माझी होती."

बॅटिंगवाल्यांची बायको ही बोलिंगवाल्यांची सख्खी बहीण. नऊ वर्षांपूर्वी जुन्या खेळाडूंच्या एका हौशी सामन्यात हे दोघे मेहुणे जोडीने खेळत होते. बोलिंगवाले 'चल' म्हणाले, अर्ध्या वाटेत त्यांचा बेत बदलला आणि ते माघारी पळाले. बॅटिंगवाले एकोणपन्नासवर धावबाद. तेव्हापासून अबोला. बहीण बिचारी भावाकडे मागच्या दाराने जायची. संघ मात्र दोघांच्याच हाताखाली, म्हणजे काम चालू, बोलणं बंद. म्हणून मध्ये निरोप न्यायला आपला गडी.

आता गड्याची कारकीर्द. देवाने त्याच्या ताटात सगळं वाढलं होतं, पण चिमूट चिमूट. त्याने बॅट धरली की स्लिपमधले हात चोळू लागत. त्याने चेंडू धरला की सीमेपलीकडचे प्रेक्षक खुर्च्या मागे घेत. तरी नऊ मोसम तो संघात. कर्णधाराने एकदा हसत हसत त्याला गुपित सांगितलं होतं. निवडीच्या वेळी दोन्ही सर एका टेबलाशी बसत नाहीत, आपापली चिठ्ठी पाठवतात. बॅटिंगवाले लिहितात, "याला बोलिंगसाठी घ्या." बोलिंगवाले लिहितात, "याला बॅटिंगसाठी घ्या." समितीला वाटतं, वा, काय हिरा आहे!

गड्याने तेव्हाच ओळखलं. दोन शहाणी माणसं एकमेकांच्या भरवशावर फसली आहेत. ती एकदा बोलली की पाच मिनिटांत आपलं बिंग फुटणार.

आणि आज नव्या मोसमाची निवड. सकाळीच बायको म्हणाली होती, "अहो, आणखी दोन मोसम कसेही काढा. पोरगी बाहेरगावी शिकतेय, तिचं तेवढं पार पडू दे. मग काय ते निवृत्त व्हा, नाहीतर संन्यास घ्या."

बोळाच्या मध्यावर त्याच्या डोक्यात कली शिरला. एकच शब्द बदलायचा. 'माझी'च्या जागी 'तुझी'. एका शब्दात दोन काय, नऊ मोसम निघतील! आजवर त्याने निरोपातल्या शिव्या तेवढ्या गाळल्या होत्या. बाकी अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. पण आज जीभ वळवळली.

बॅटिंगवाले सर बॅटच्या दांड्याला नवी ग्रिप चढवत बसले होते.

"काय म्हणतो तो खडूस?"

"ते म्हणतात..." गडी अडखळला.

"शिवी गाळतोयस ना? आज नको गाळू. दोन दिवस झाले, त्याचा एकही निरोप आला नाही. जिवाला घोर लागलाय माझ्या. परवा खोकत होता. बरा आहे ना रे?"

गड्याच्या जिभेवर तयार असलेला शब्द तिथेच विरघळला.

"बरे आहेत, सर. म्हणतात, त्या दिवशी चूक त्यांची होती."

बॅट खाली पडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा बॅटिंगवाले सर स्वतः बोळ ओलांडून गेले, गुडघे कटकट वाजवत. पलीकडच्या खोलीतून आधी आरडाओरडा ऐकू आला. मग दोन म्हातारे भोंग्यासारखे नाक शिंकरू लागले.

गडी बाकावर बसून पॅड सोडू लागला. आता ते कशाला लागणार होते?

तासाभराने त्याला आत बोलावलं. दोघं सर एका टेबलाशी, पुढ्यात एकच चिठ्ठी. बारा नावं. त्यात त्याचं नव्हतं.

"कळलंच शेवटी तुम्हाला," तो मान खाली घालून म्हणाला. "नऊ वर्षं दोघांना फसवलं मी. माफ करा, सर."

"फसवलंस?" बॅटिंगवाले म्हणाले. "अरे, तीस वर्षं बॅटिंग शिकवतोय मी. तुझा पहिला फटका पाहून डोळे मिटून घेतले होते."

"आणि तुझं पहिलं षटक मी पाहिलं होतं," बोलिंगवाले म्हणाले. "संपता संपेना. मध्येच जाऊन चहा पिऊन आलो, तरी चालूच."

"मग दरवर्षी मला घेतलंत कशाला?"

बोलिंगवाल्यांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकला.

"वेड्या, शिव्या गाळून ह्याची खुशाली मला दुसऱ्या कोणी आणून दिली असती?"

तर मंडळी, उद्या देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घेऊन होतील, तेव्हा त्या अष्टपैलूलाही जरा आठवा. तो सध्या घरीच असतो. बायको चार दिवस झाले त्याच्याशी बोलत नाही, आणि त्या घरात मध्ये निरोप न्यायला कोणी नाही.