उलटी फिरणारी बोट

या, असे जवळ सरका. बुवा अजून फेटा बांधतायत, मृदंगाला कणीक लावणं चाललंय. तोवर धसईच्या बाईजाची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे.

महायुद्धाचे दिवस, पौष महिना. बाईजा अंगणात तांदूळ पाखडत होती. शहापूरकडून तिचा होणारा व्याही काळूराम आला, सोबत त्याचा भाचा कान्हा, आरमारातून रजेवर आलेला. बाईजाने तांब्या पुढे केला, त्याला काळूराम शिवला नाही. बगलेतलं लुगडं तेवढं ओटीवर ठेवलं. सुपारी फोडली त्या दिवशी बाईजाने होणाऱ्या सुनेला, काळूरामच्या सावळीला नेसवलेलं लुगडं. ते परत आलेलं पाहून तिचं सूप हातातच राहिलं.

"इहीणबाय, राग नको," काळूराम म्हणाला. "पोरगा आरमारात हाय म्हनून पोरगी दिली. आता कळतं, तुझा नथू ओढबोटीवर. मोडक्या बोटींना दोर लावायचा नि बंदरात वडत आनायच्या. गाव हसतं मला. 'तुझा जावय पान्यातला बैल,' बोलतात."

"बैल तर बैल. बैलाबिगर तुमचं भात घरात येतं काय?"

"मस्करी नाय. कान्हा, तू सांग. तोफ हाय का त्या बोटीवर?"

"हाय एक, बारकी. नावालाच."

"ऐकलं?"

"पन मामा, पुढचं इचारा की." कान्हा ओटीच्या कडेला टेकला. "आमी समुद्रात जथ्यानं जातो. पानबुडीनं एका बोटीचं पोट फोडलं, की बाकीच्यांना हुकूम असतो, थांबायचं नाय. थांबला तो पन गेला. दिवाळीच्या सुमाराला आमी असंच पळालो. मागं मानसं हाका मारत व्हती, मामा. मी कानावर हात ठेवले."

"मग?"

"एकच बोट उलटी फिरली. नथूची. त्या फुटक्या बोटीला दोर लावला नि मुंबईपावत वडत आनली, बैलगाडीच्या चालीनं. पानबुडी तिथंच कुठं तरी. आमाला निदान पळता तरी येतं. ह्यांच्या मागं दोर बांधलेला."

मग काळूरामने तांब्या ओढला आणि घटाघटा पाणी प्याला. तोंड पुसत त्याने लुगडं पुन्हा बगलेत मारलं.

"माघात लगीन करू," तो म्हणाला. "हसनाऱ्यांना मी बघतो."

बाईजाने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. काळूराम गाडी जुंपायला पुढे गेला. कान्हा निघाला, तशी तिने त्याला कुडापाशी थांबवलं.

"नथू मला येगळं बोललेला रे. लढनारे पुढं असतात, बोलला. आमी मागं, निस्तं दोर वडनारे. आय, तू काळजी करू नको."

कान्ह्याचा चेहरा उतरला. आपण काय बोलून बसलो ते त्याला आता उमगलं.

"तसंच हाय, मावशी," तो घाईने म्हणाला. "मामापुढं मी जरा वाढवून सांगितलं."

"वाढवून सांगताना कोनाचा आवाज असा कापत नाय."

बाईजाने त्याच्या खांद्यावरचा पेंढ्याचं कस्पट काढलं.

"बंदरात भेटला तर त्याला सांगू नको, मला कळलं म्हनून. आय निवांत झोपते, असंच वाटू दे त्याला."

संध्याकाळी दिवा लावून हात जोडाल, तेव्हा बाईजाच्या नथूची आठवण ठेवा. नाव मोठ्याने घेऊ नका. मनातल्या मनात घेतलं तरी देवाला पुरतं.