बदललेला शेवट

अमेरिकन दिग्दर्शिका हेलनने उभी हयात पुस्तकांवर सिनेमे काढले. लेखक कुरकुरायचे, पण बक्षिसं तिलाच मिळायची. यंदा तिने हदगावच्या नागुबाईंच्या आत्मचरित्रावर सिनेमा काढला आणि तो त्यांना दाखवायला स्वतः आली. सिनेमाच्या शेवटी नवऱ्याने टाकलेली नागुबाई विहिरीत उडी घेते, तेव्हा सभागृहात हुंदके फुटले. मग टाळ्या थांबेनात.

हेलन म्हाताऱ्या नागुबाईंपाशी आली. दोघींच्या मधे नात मनिषा दुभाषी म्हणून उभी राहिली.

"आजी, सिनेमा आवडला का, विचारतायत."

"चांगला हाय. पण मी तर जित्ती हाय की!"

हेलन हसली. "मरणाशिवाय शेवट मनाला भिडत नव्हता."

नागुबाई म्हणाल्या, "बाई, विहिरीवर मी गेल्तेच. लेकराला घेऊन माघारी आले. माघारी यायलाच लई बळ लागलं. तेवढं सांगायसाठी तर पुस्तक लिव्हलं."

मनिषाने ते इंग्रजीत सांगितलं. हेलनला मान वर करवेना. दारात लोक तिच्यासोबत फोटो काढायला ताटकळले होते. तिने मनिषाला हळूच विचारलं, "इथे मागचं दार आहे का?"