खाटेवरची झडप

पुनाराम सुतारानं पहिली फळी वर धरली तेव्हा गोदाबाई नवऱ्याच्या खाटेशेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली, फळीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात नजर घातली.

"सफरचंदाच्या खोक्याचं लाकूड," ती म्हणाली. "सागाच्या बालाघाटात राहून."

"पाइन आहे आई," सून साधना म्हणाली. "आजकल सब यही लगवाते हैं. मोबाइलवर दाखवलं होतं ना तुम्हाले? शिपलॅप म्हणतात. एका फळीचा काठ दुसरीवर बसते. वरून पांढरा रंग. एकदम प्लेन."

"हौ. डब्यात झाकून ठेवल्यावानी."

साधनानं पुनारामकडे पाहून डोळे फिरवले. गोदाबाईला ते दिसलं. तिला सगळंच दिसत असे.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सागाच्या वाशांवर कुऱ्हाडीचे घाव अजून ताजे होते. दर जेठात सासरा छपरावर चढून कवेलू, म्हणजे मातीची कौलं, फेरायचा आणि ती खालून एकेक कवेलू हातात द्यायची. माकडांनी उड्या मारल्या की धूळ पडायची, ती झाडायची. कुणाचं काही अडलं नव्हतं. आता सुनेच्या मैत्रिणी चहाला येत, वर पाहून नाक मुरडत, म्हणून सागाचं छप्पर खोक्याच्या फळ्यांआड लपवायचं होतं.

खाटेवर महागू पडून होता. एकेकाळी त्यानं भरवेलीच्या खदानीत हाक मारली की शंभर माणसं थांबायची, असं तोच सांगायचा. आता कूस बदलायलाही त्याला गोदाबाई लागे. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. ती त्याला वेळेवर पेज भरवी, पाठीला पावडर लावी, चादर बदली. सेवा करावी तर गोदाबाईनं, असं मोहल्ल्यातल्या बाया म्हणत. माशा घोंघावतात तसं ती ते ऐकून घेई.

"पुनाराम भाऊ, फट राह्यते का कुठं?" तिनं विचारलं.

"नाही बाई. काठावर काठ बसते. हवाबी जाणार नाही."

"वर छपरापर्यंतबी नाही?"

"कुठूनच नाही."

खाटेवरून घोगरा आवाज आला. "वर... मोकळं ठेवा रे."

तो काय म्हणतो ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचा जीव अडकला की खाटेवरचं कवेलू सरकवायचं, जिवाला वाट मिळते, अशी या घराची रीत होती. महागूची आई तळमळत होती तेव्हा गोदाबाईच शिडी लावून वर चढली होती. कवेलू सरकलं आणि ती खाली उतरेपर्यंत म्हातारी शांत झाली होती. महागू तेव्हा शिडी धरून उभा होता. तेव्हापासून तो देवाला कमी आणि त्या कवेलूला जास्त मानायचा.

"बाबूजी, ऐसा कुछ नहीं होता," साधना म्हणाली. मग सासूकडे वळली. "तुम्हीच त्यांच्या डोक्यात भरवता."

"मी काही म्हटलं का, बाई? मी तं फट इचारली."

संध्याकाळी मुलगा हेमराज घरी आला. "तुमची माय सकाळपासून फट फट करून राह्यली," साधनानं सांगितलं. हेमराजनं खाटेजवळ जाऊन वर वाशांकडे पाहिलं. मग त्यानं पुनारामला बोलावून बरोबर खाटेच्या वर एक झडप करायला सांगितली. बिजागरी लावून, दोरी ओढली की उघडेल अशी. झडपेवरचं कवेलू आपण वेळेवर सरकवू, म्हणाला.

"एवढ्या प्लेन सीलिंगला झडप!" साधना रडकुंडीला आली.

"बरोबर म्हणते साधना," गोदाबाई म्हणाली. "नाही शोभणार. राहू दे."

सासू-सुनेचं त्या घरात पहिल्यांदाच एकमत झालं. हेमराजला मात्र मायचा मोठेपणा पाहून भरून आलं. "माय, तू तं राहूच दे. मले समजते तुह्या मनातलं."

झडप झाली. महागूला ती उघडून दाखवली तेव्हा वरच्या काळोखात सागाचा वासा दिसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं गोदाबाईचं मनगट धरलं.

"तू हायस न... तूच उघडजो."

"पेज निवून राह्यली," ती म्हणाली आणि चमचा घ्यायला हात सोडवला.

कामाच्या शेवटच्या दिवशी हेमराज आणि साधना रंग पसंत करायला बाजारात गेले. पुनाराम हत्यारं आवरत होता.

"बाई, जीव असा खरंच जाते?" त्यानं विचारलं.

"सासूचा गेला."

"तुम्ही आणखी कोणाचा पाह्यला?"

"माह्या मायचा पाहाचा होता. तिरोडीले होती. माणूस आलता बलावाले. गोदा, गोदा करून राह्यली म्हणे, जीव निघत नाही." तिनं खाटेकडे हनुवटी केली. "याचे खदानीतले दोस्त जेवाले आलते. मटण शिजत होतं. दाराले भायेरून कडी घातली यानं. म्हणे, रस्सा झाल्यावर जाय."

"मंग?"

"रस्सा चांगला झालता."

पुनारामनं करवत हत्यारांच्या पेटीत ठेवली. महागू झडपेकडे पाहत निवांत पडला होता. त्याच्या कपाळावर लाकडाचा भुसा उडाला होता. गोदाबाई उठली, पदराच्या टोकानं तिनं तो हळूच पुसला, उशी सारखी केली आणि वर पाहिलं.

"भाऊ, पेटी बंद करू नको," ती म्हणाली. "या झडपेले चारी बाजूनं खिळे ठोक. लंबे खिळे घेजो."