जानेवारीचं पोर

जिस्लेनचा थोरला मुलगा लुक तीस डिसेंबरचा. गावातले आइस हॉकीचे संघ जन्मसालावर ठरायचे, त्यामुळे त्याच सालच्या जानेवारीत जन्मलेल्या थोराड पोरांपुढे तो दर निवडीत गळायचा. "वहिनी, दोन दिवस दम धरला असता ना, तर हाच सगळ्यांत दांडगा ठरला असता!" प्रशिक्षक हसत म्हणायचा.

दुसऱ्या खेपेला कळा सुरू झाल्या त्या एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी.

"बाळाचे ठोके मंदावताहेत. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अगं, हो म्हण ना!" नवरा रडकुंडीला आला.

जिस्लेननं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि दोन्ही हातांनी पोट घट्ट धरलं.

 

"जरा दम धरा, डॉक्टर. उद्या जानेवारी आहे."