भिंतीचे डोळे

ऐक गुमान, मधी बोलू नको. मल्लेश्वरी करजगी गावात विहिरीच्या काठावर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. खाली तिचे अप्पा, निंगप्पा, विहिरीची दगडी भिंत बांधायलते. हिचं एकच काम उरलेलं. तिकडं लांब समुद्राकाठी लढाऊ जहाजं बांधायची सुकी गोदी हाय. म्हणजे समुद्राला खेटून खणलेला हौदच समज. पाणी उपसायचं आन् कोरड्या तळात जहाज बांधायचं. तो हौद जहाज पेलायच्या लायकीचा हाय का न्हाई, हे तपासायची हिची नोकरी. पहिलीच नोकरी, आठवा महिना. संध्याकाळपर्यंत ‘लायक’ म्हणून सही पाठवली की नोकरी पक्की.

अप्पा चहाला वर आले. हिनं सकाळीच गोदीवरनं आलेला व्हिडिओ फोनवर लावला.

“बघा अप्पा. मागल्या खेपेला भिंती नुसत्या गळायलत्या. आता एक थेंब न्हाई.”

अप्पांनी धोतराला हात पुसून फोन डोळ्याजवळ धरला. हिला वाटलं, कौतुक करतील. त्यांनी एकदा बघितलं, मग परत बघितलं. चहावर साय धरली.

“भिंतीच्या मागं समुद्र हाय म्हणलीस न्हवं?”

“व्हय.”

“मग पाणी कुठं गेलं, मल्लव्वा?”

ती हसली. अप्पा हसले न्हाईत. त्यांनी खाली आपल्या भिंतीकडं बोट केलं. दर दोन हातांवर एक भोक सोडलेलं, त्यातून बारीक पाणी झिरपायलतं. त्या भोकांना अप्पा डोळे म्हणायचे.

“लहानपणापासून बघायलीस तू. मागचं पाणी हितनं निघतंय म्हणून भिंत उभी हाय. डोळे मिटले की पाणी मागंच तुंबतंय. मग भिंत पोट काढती. आन् मग फुटती.”

हिनं चित्र मोठं केलं. गुळगुळीत भिंतीवर सिमेंटचे गोल गोल ठिपके. सारख्या अंतरावर, शेवटपर्यंत. आन् अजून एक. कोपऱ्यात एका वेल्डरची पाण्याची बाटली कलंडलेली. ते पाणी मधल्या नालीकडं जायचं सोडून उलटं, भिंतीकडं चाललेलं.

मागं तुंबलेलं पाणी तळाखाली शिरलेलं, तळ मधून वर उचलायलता.

तिनं तिथल्या सुपरवायझरला फोन लावला. चन्नवीर, खटकचिंचोळीचा, आपल्याच भागातला.

“चन्नवीर अण्णा, आत्ता तळात किती माणसं हायेत?”

“तीस. कामून ओ अक्का?”

“सगळ्यांना वर काढा. लगेच. आन् ती भोकं कुणी बुजवली?”

वेल्डिंगच्या चरचरीतनं चन्नवीरचा आवाज आला.

“मीच की. एकूणएक. तुमचाच कागद हाय माझ्याजवळ, मागल्या महिन्याचा. ‘भिंतीला ठिकठिकाणी गळती हाय, ताबडतोब बंद करावी.’ खाली तुमची सही.” त्यानं कागद उलगडल्याचा आवाज आला. “माणसं काढतो. पण काम थांबवायचं तर वरच्या साहेबाला कारण कळवावं लागतंय, तुमच्या नावानं. काय लिहू अक्का?”

अप्पा तिच्याकडंच बघायलते.

आता तू सांग. तू असतास तर काय लिहायला लावलं असतंस?